स्लीप ॲप्नियाची प्रश्नावली आशियाई लोकांसाठी जुळवताना: आधी काय, नंतर काय आणि कुठे चुकतं

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वासमार्ग बंद पडून श्वास वारंवार थांबणं. त्याचा धोका कुणाला आहे ते चाळून काढणाऱ्या प्रश्नावलीचं भाषांतर करायचं, बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजनाचा) आकडा ३५ वरून २५ वर आणायचा, शंभर पेशंटकडून भरून घ्यायची आणि ‘आपल्या लोकांसाठी सिद्ध झाली’ म्हणून मांडायची. प्रबंधांच्या मसुद्यांत हा क्रम मला वारंवार दिसतो. मेहनत भरपूर घेतलेली असते, पण क्रम चुकलेला असतो. पेशंटला प्रश्नच कळला नाही म्हणून चुकलेलं उत्तर आणि आकडा बसत नाही म्हणून चुकलेला निकाल, हे दोन्ही शेवटी एकाच बेरजेत जातात. मग नेमकं काय दुरुस्त करायचं ते कळत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी शब्द, मग मोजमाप, मग कट-ऑफ (ज्या आकड्यापासून धोका धरायचा ती रेषा) आणि शेवटी स्लीप स्टडीशी, म्हणजे झोपेत यंत्रावर श्वास नोंदवणाऱ्या तपासणीशी, पडताळणी.

बदल मुळात लागतो का, याचं उत्तर थोडक्यात देतो. आशियातल्या, विशेषतः पूर्व आशियातल्या, बऱ्याच लोकांचा खालचा जबडा थोडा मागे असतो आणि चेहऱ्याच्या हाडांची चौकट आखूड असते. जिभेमागची जागा आधीच अरुंद असल्यामुळे वजन फारसं नसतानाही झोपेत श्वासमार्ग बंद पडतो. दक्षिण आशियात त्याच बीएमआयला शरीरातली, खास करून पोटातली, चरबी जास्त असते. दोन्हीकडे कारणं वेगळी आहेत, पण ३५ च्या बीएमआयची वाट पाहणारी प्रश्नावली दोन्हीकडे आजारी माणसाला सोडून देते. कारणं वेगळी असल्यामुळेच सगळ्या आशियाला एकच दुरुस्ती चालेल असं गृहीत धरू नका.

टप्पा १: प्रश्नावली कुणासाठी आणि कशासाठी, ते एका वाक्यात लिहा

‘ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी’, ‘गावातल्या तपासणी शिबिरासाठी’, ‘झोपेच्या ओपीडीत कुणाची तपासणी आधी करायची ते ठरवण्यासाठी’ ही तीन वेगळी कामं आहेत. ऑपरेशनच्या आधी एक आजारी माणूस निसटला तर ते महागात पडतं. शिबिरात निम्म्या लोकांना विनाकारण ‘धोका’ सांगितला तर स्लीप लॅबची रांग तुंबते आणि खरा गरजू मागे राहतो. कट-ऑफ कुठे ठेवायचा हे या वाक्यावरून ठरतं, म्हणून ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

मग प्रश्नावली निवडा. स्टॉप-बँगमध्ये हो-नाही उत्तरांचे आठ मुद्दे आहेत: मोठं घोरणं, दिवसाचा थकवा किंवा झोप, श्वास थांबताना कुणी पाहिलेलं असणं, बीपी, बीएमआय (मूळ फॉर्ममध्ये ३५ च्या वर), वय, मानेचा घेर आणि पुरुष असणं. ० ते २ गुण म्हणजे कमी धोका, ३ ते ४ मध्यम, ५ ते ८ जास्त. बर्लिन या दुसऱ्या प्रश्नावलीत प्रश्नांचे तीन गट आहेत. त्यातले दोन किंवा अधिक गट धोक्याचे ठरले तर एकूण धोका जास्त धरतात. तिचं गणित समजावून सांगायला वेळ लागतो, त्यामुळे गर्दीच्या ओपीडीत गुण मोजताना चुका होतात.

सावधान: एपवर्थ स्केल ॲप्निया शोधत नाही, ती दिवसाची झोपाळूपणाची पातळी मोजते. आठ प्रसंग, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २४, आणि १० च्या वर गेल्यास झोपाळूपणा जास्त. गंभीर ॲप्निया असलेल्या कितीतरी लोकांचा एपवर्थ स्कोअर १० च्या आत असतो. ती सोबत वापरा, पण चाळणी म्हणून तिच्यावर विसंबू नका.

टप्पा २: मूळ प्रत आणि परवानगी

परवानगी आधी मागा. स्टॉप-बँगचे हक्क टोरांटोच्या युनिव्हर्सिटी हेल्थ नेटवर्ककडे आहेत. एपवर्थचं परवान्याचं काम मापी रिसर्च ट्रस्ट पाहतो. तुमच्या भाषेतलं अधिकृत भाषांतर आधीच झालेलं असू शकतं, आणि तसं असेल तर पुढचे दोन महिने वाचतात. संस्थेच्या एथिक्स कमिटीचा अर्जही याच वेळी टाका.

तपासा: हातातली प्रत कोणती आहे? स्टॉप-बँगच्या मूळ मांडणीत मानेचा घेर सगळ्यांसाठी ४० सेंमीच्या वर असा होता. नंतरच्या फॉर्ममध्ये पुरुषांसाठी ४३ आणि स्त्रियांसाठी ४१ सेंमी असे आकडे आले. दोन्ही प्रती आजही फिरतात. एकाच अभ्यासात अर्ध्या लोकांना एक फॉर्म आणि अर्ध्यांना दुसरा गेला, तर ती गडबड नंतर निस्तरता येत नाही.

टप्पा ३: भाषांतर

नेहमीची पद्धत चांगली आहे, ती पूर्ण पाळा. दोन जणांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, त्यातला एक वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा असावा. दोघांनी बसून एक प्रत करायची. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या आणखी दोघांनी ती उलट इंग्रजीत न्यायची. मग डॉक्टर, भाषेचा जाणकार, स्लीप टेक्निशियन आणि शक्य असेल तर एक पेशंट अशा समितीने सगळ्या प्रती समोर ठेवून अंतिम शब्द ठरवायचे.

इथे एक गैरसमज घट्ट बसला आहे: उलट भाषांतर मूळ इंग्रजीशी जुळलं की काम झालं. ‘निद्रावस्थेत आपले श्वसन खंडित होत असल्याचे निरीक्षण कोणी केले आहे काय?’ हे वाक्य इंग्रजीत परत नेलं तर मूळ वाक्यच मिळतं. ओपीडीतल्या बाकावर बसलेल्या आजींना मात्र त्यातलं काहीही पोचत नाही. पुस्तकी भाषा उलट भाषांतरात नेहमीच पहिला नंबर काढते. ते जुळणं ही फक्त अर्थ हरवला नाही याची खात्री आहे. समजण्याची खात्री पुढच्या टप्प्यात मिळते.

मराठीत मला अडखळायला लावणाऱ्या जागा सांगतो. दुसऱ्या आशियाई भाषांतही साधारण याच ठिकाणी ठेच लागते.

घोरणं. स्टॉप-बँगच्या मूळ प्रश्नात मोठ्या घोरण्याच्या दोन खुणा आहेत: बंद दारापलीकडे ऐकू येणं, किंवा शेजारी झोपलेल्याने रात्री कोपराने ढोसणं. सगळं घर एकाच खोलीत झोपत असेल तर बंद दाराची खूण निकामी होते. जपायची आहे ती आवाजाची पातळी, दार नव्हे. ‘त्याच खोलीत झोपलेल्या माणसाची झोप मोडेल इतक्या मोठ्याने’ हे शब्द तेच काम करतात. शिवाय ‘तुम्ही घोरता का?’ यापेक्षा ‘तुम्ही मोठ्याने घोरता असं घरचे सांगतात का?’ हे जास्त खरं उत्तर आणतं, कारण स्वतःचं घोरणं सहसा कुणाला ऐकू येत नाही. बायकांना हा प्रश्न चारचौघांत विचारला तर उत्तर बहुतेक ‘नाही’ येतं. बाजूला बसवून विचारा.

थकवा. मूळ प्रश्नात तीन शब्द आहेत: दमलेलं, गळून गेलेलं, झोपाळलेलं. मराठीत नुसतं ‘थकवा येतो का?’ विचारलं की पहाटेपासून राबणारी प्रत्येक बाई ‘येतोच की’ म्हणणार. म्हणून ‘दिवसा पेंग येते का, बोलता बोलता डोळा लागतो का’ हेही जोडा. मूळ फॉर्ममध्ये बोलताना किंवा गाडी चालवताना झोप लागण्याचं उदाहरण आहेच, त्यामुळे यात स्वातंत्र्य घेतल्यासारखं होत नाही. ‘रात्री पुरेशी झोप होऊनही’ अशी अट मात्र आपल्या मनाने घालू नका. त्याने प्रश्नच बदलतो.

श्वास थांबणं. हा आठांतला सर्वांत वजनदार प्रश्न आणि सर्वांत वाईट भाषांतर होणारा. एका आजींना मी विचारलं होतं, ‘झोपेत तुमचा श्वास थांबताना कुणी पाहिलंय का?’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘थांबला असता तर इथं आले असते का?’ आणि ‘नाही’वर बोट ठेवलं. शेजारी सून होती. तिला मी विचारलं, ‘घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो आणि मग गचका बसल्यासारखा परत सुरू होतो, असं होतं का?’ ती म्हणाली, ‘रोज. मी उठून बघते, श्वास चालू आहे ना म्हणून.’ माणूस तोच, आजार तोच, शब्दांपायी एक गुण गेला असता. तेव्हापासून माझ्या फॉर्मवर घोरणं मध्येच बंद पडणं, गुदमरून किंवा दचकून उठणं, अशी दिसणारी आणि ऐकू येणारी खूण असते.

बीपी. गोळी घेणारा माणूस ‘आता नॉर्मल आहे’ म्हणत ‘नाही’ सांगतो. प्रश्नाची सुरुवातच ‘बीपीची गोळी चालू आहे का?’ अशी करा, मग ‘डॉक्टरांनी कधी बीपी सांगितलंय का?’ विचारा.

एपवर्थ घेत असाल तर तिथल्या दोन जागा पाहा. गाडी रहदारीत थांबलेली असतानाचा प्रसंग गाडी न चालवणाऱ्याला लागू पडत नाही. गाडीसोबत बसचाही उल्लेख असलेली प्रत वापरा. ‘मद्य न घेता जेवल्यावर शांत बसलेलं असताना’ या प्रसंगात लोकांना वाटतं की दारूबद्दल विचारताहेत, आणि ते अवघडतात. समजावणारं एक वाक्य आधी म्हणा. वाचन न येणाऱ्यासाठी ‘बसून वाचताना’ याच्या जागी काय घ्यायचं, हे समितीने आधीच ठरवून लिहून ठेवावं. मुलाखतकाराने आयत्या वेळी सुचेल ते विचारू नये.

टप्पा ४: माणसांसमोर बसून शब्द तपासा

हाच टप्पा सर्रास गाळला जातो, आणि सर्वांत जास्त हाती लागतं तेही इथेच. ३० ते ४० माणसं पुरतात, पण ती निवडून घ्या: म्हातारी माणसं, बायका, शाळा न पाहिलेले, एकटे राहणारे, तुमच्या भागातली वेगळी बोली बोलणारे. फक्त कॉलेजच्या कर्मचाऱ्यांवर चाचणी घेतली तर सगळे प्रश्न स्वच्छ कळल्यासारखे वाटतात.

प्रत्येक प्रश्नानंतर ‘कळलं का?’ विचारू नका. सगळे ‘हो’च म्हणतात. ‘मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा’ असं म्हणा. मग ‘हे उत्तर कशावरून दिलंत?’ विचारा. प्रश्न, पेशंटने लावलेला अर्थ, उत्तराचं कारण आणि बदल, असे चार रकाने करून जसंच्या तसं लिहा.

तपासा: दहापैकी तिघांनी एखाद्या प्रश्नाचा वेगळा अर्थ लावला की मी तो प्रश्न समितीकडे परत पाठवतो आणि बदलल्यावर नव्या माणसांवर पुन्हा तपासतो. हा माझा कामचलाऊ नियम आहे. तुमचा वेगळा असू द्या, पण सुरू करण्याआधी ठरलेला असू द्या.

‘माहीत नाही’ असा वेगळा पर्याय फॉर्मवर ठेवा. एकट्या झोपणाऱ्या माणसाने श्वास थांबण्याबद्दल ‘नाही’ म्हणणं आणि रोज शेजारी झोपणाऱ्या नवऱ्याने ‘नाही’ म्हणणं यात मोठा फरक आहे. दोन्ही ‘नाही’त टाकले की एकटे राहणारे कागदावर निरोगी होऊन जातात. शेवटी गुण मोजताना ‘माहीत नाही’ एकदा ‘नाही’ धरून आणि एकदा ‘हो’ धरून, दोन्ही निकाल दाखवा.

टप्पा ५: मोजमाप

उंची आणि वजन विचारू नका, मोजा. लोक उंची थोडी वाढवून आणि वजन थोडं कमी करून सांगतात, आणि दोन्ही चुका बीएमआय एकाच दिशेने खाली ओढतात. ७० किलो आणि १६० सेंमी या माणसाचा बीएमआय २७.३ येतो. तोच ‘६८ किलो, १६५ सेंमी’ म्हणाला तर २४.९८. तुमचा कट-ऑफ २५ असेल किंवा २७, या माणसाचा गुण नुसत्या सांगण्यावर गेला.

मानेच्या घेरासाठी ‘शर्टाची कॉलर कितीची?’ हा प्रश्न शिवून घेतलेले किंवा बिनकॉलरचे कपडे घालणाऱ्यांना विचारण्यात अर्थ नाही. टेप वापरा. माणूस ताठ, नजर समोर, खांदे सैल. टेप कंठमण्याच्या लगेच खाली, मानेच्या अक्षाला काटकोनात, त्वचेला टेकलेली पण न आवळलेली. बायकांमध्ये कंठमणी दिसत नाही, तो बोटाने चाचपून शोधावा लागतो. दागिने, ओढणी, स्कार्फ बाजूला हवा, आणि त्यासाठी स्त्री कर्मचारी आणि पडदा हवा. ही सोय नसेल तर मोजणारा कपड्यावरूनच टेप फिरवतो आणि एक-दीड सेंमी वाढवून लिहितो.

दोनदा मोजा, फरक १ सेंमीपेक्षा जास्त आला तर तिसऱ्यांदा. काम सुरू करण्याआधी मोजणाऱ्या सगळ्यांनी त्याच दहा माणसांची मान मोजून आकडे शेजारी शेजारी मांडावेत. पहिल्या दिवशी ते हमखास जुळत नाहीत.

टप्पा ६: कट-ऑफ

आता कुठे आकड्यांकडे यायचं.

पहिली चूक: २३, २५ किंवा २७.५ हे आकडे ‘आशियाई’ म्हणून थेट उचलणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकसंख्येसाठी २३ आणि २७.५ हे कृतीचे टप्पे म्हणून सुचवले, २५ आणि ३० चं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण मात्र तसंच ठेवलं. भारतात तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीत २५ पासून लठ्ठपणा धरला होता. हे सगळे आकडे मधुमेह आणि हृदयविकार यांसारख्या धोक्यांवरून आले आहेत, झोपेतल्या श्वासावरून नव्हे. सुरुवात करायला ते चांगले आहेत, पण ॲप्नियासाठी ते अजून सिद्ध करायचे आहेत. आशियातल्या वेगवेगळ्या अभ्यासांत ३५ च्या जागी ३०, २७.५ आणि २५ वापरून पाहिले गेले आहेत, आणि एकच आकडा सगळीकडे जिंकलेला नाही.

दुसरी चूक: आकडा इतका खाली आणणं की तो प्रश्न काही विचारेनासाच होतो. ओपीडीत येणाऱ्या शंभरांतल्या ऐंशींचा बीएमआय २५ च्या वर असेल, तर तो गुण जवळपास सगळ्यांना फुकट मिळतो. आजारी निसटत नाहीत हे खरं, पण निरोगीही बाहेर पडत नाहीत. त्यात मानेचा घेरही सोबत खाली आणला तर एकाच चरबीचे दोन गुण होतात, कारण बीएमआय आणि मान हातात हात घालून वाढतात.

तिसरी चूक सर्वांत गंभीर आहे: आपल्याच आकड्यांतून सर्वांत छान दिसणारा कट-ऑफ शोधायचा आणि त्याच माणसांवर तो किती अचूक आहे ते सांगायचं. तो छान दिसणारच, त्याच माणसांच्या मापाने तो शिवलेला आहे.

मग काय करायचं?

१. डेटा गोळा करण्याआधी दोन किंवा तीन पर्याय लिहून तारीख टाका. उदाहरणार्थ मूळ ३५, बदललेला ३०, बदललेला २७.५.

२. बीएमआय आणि मान दशांशासह जशीच्या तशी नोंदवा. ‘हो/नाही’ एवढंच लिहून ठेवलं तर नंतर दुसरा आकडा तपासताच येत नाही.

३. एका वेळी एकच खुंटी पिळा. एक तर एखाद्या मुद्द्याचा आकडा बदला, नाहीतर एकूण स्कोअरची ३ किंवा ५ ची रेषा. दोन्ही हलवले तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

४. मूळ गुणपद्धतीचा निकाल नेहमी शेजारी दाखवा.

५. नवा कट-ऑफ डेटातून काढलाच, तर तो दुसऱ्या गटावर तपासा. दुसरा गट शक्य नसेल तर निदान बूटस्ट्रॅपने (त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढून) तपासा.

सावधान: आकडे बदललेल्या फॉर्मला नुसतं ‘स्टॉप-बँग’ म्हणू नका. नावातच ‘बदललेली, बीएमआय ३०’ असं लिहा. नाहीतर पुढचा वाचक तिची तुलना मूळ प्रश्नावलीशी करून बसतो.

टप्पा ७: स्लीप स्टडीशी पडताळणी

स्कोअर जास्त आलेल्यांचीच स्लीप स्टडी केली तर स्कोअर कमी असलेल्यांत किती आजारी होते ते कधीच कळत नाही, आणि सेन्सिटिव्हिटी (खऱ्या आजाऱ्यांपैकी किती जण पकडले गेले ते प्रमाण) खोटीच फुगते. सगळ्यांची तपासणी करा. पैसे पुरत नसतील तर कमी स्कोअरवाल्यांतून चिठ्ठ्या टाकून काही जण घ्या आणि विश्लेषणात त्याची भरपाई करा.

स्टडी वाचणाऱ्याला प्रश्नावलीचा स्कोअर आणि प्रश्नावली घेणाऱ्याला स्टडीचा निकाल माहीत नको. दोन्हींत काही आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नको, आणि मधल्या काळात सीपॅप (ॲप्नियावरचं हवेच्या दाबाचं यंत्र) सुरू झालेलं नको.

हायपोप्निया (श्वास पूर्ण न थांबता कमी होणं) कोणत्या नियमाने मोजला ते लिहाच: ऑक्सिजन ३ टक्के उतरणं किंवा मेंदूची जाग, की फक्त ४ टक्के उतरणं. सडपातळ माणसाचा ऑक्सिजन तितका उतरत नाही, म्हणून ४ टक्क्यांच्या नियमात नेमके तुम्ही शोधत असलेले लोकच गळू शकतात. घरी केलेल्या स्टडीत बहुतेक वेळा झोपेच्या तासांऐवजी रेकॉर्डिंगच्या तासांनी भागतात, त्यामुळे एएचआय (झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबतो किंवा कमी होतो तो आकडा) कमी दिसतो. लॅब आणि घर यांची सरमिसळ करू नका.

किती माणसं लागतील? सेन्सिटिव्हिटी ९० टक्के अपेक्षित, त्यात ५ टक्के इकडेतिकडे चालेल आणि ओपीडीत ६० टक्के लोक आजारी असतील, तर साधारण २३१ जण लागतात. स्पेसिफिसिटी (निरोगी लोकांपैकी किती जण बरोबर ‘धोका नाही’त गेले ते प्रमाण) ५० टक्के, फरक १० टक्के धरला तर २४१. मोठा आकडा घ्यायचा. म्हणजे ‘शंभर पेशंट’ पुरत नाहीत.

क्रॉनबाखचा अल्फा (प्रश्नावलीतले मुद्दे एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) स्टॉप-बँगसाठी काढत बसू नका. वय, मान, बीपी वगैरे आठ मुद्दे हे एकाच गोष्टीचे आठ आरसे नाहीत. ती धोक्यांची बेरीज आहे, ते मुद्दे एकमेकांशी जुळायलाच हवेत असं नाही. त्याऐवजी एक-दोन आठवड्यांनी त्याच माणसांना पुन्हा विचारा आणि ‘कॅपा’ (kappa, दोन्ही वेळच्या उत्तरांचा मेळ सांगणारा आकडा) काढा.

टप्पा ८: निकाल मांडताना

एएचआय ५, १५ आणि ३० या तिन्ही रेषांवर निकाल द्या, स्त्री-पुरुष वेगळे दाखवा. बायकांमध्ये घोरण्यापेक्षा झोप न लागणं, सकाळची डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी पुढे येतात आणि पुरुष असण्याचा गुण त्यांना मिळतच नाही. एकत्र आकड्यात हे दडून जातं.

तुमचा आकडा कुठे चालेल तेही सांगा. समजा सेन्सिटिव्हिटी ९० आणि स्पेसिफिसिटी ४० टक्के आहे. स्लीप ओपीडीतल्या १००० लोकांत ६०० आजारी असतील तर ७८० जणांचा स्कोअर जास्त येईल आणि त्यातले ५४० खरे आजारी असतील. हीच प्रश्नावली शिबिरात नेली, जिथे १००० पैकी १०० आजारी आहेत, तर ६३० जणांना धोका सांगितला जाईल आणि खरे आजारी फक्त ९० असतील. प्रश्नावली तीच, पण पहिल्या ठिकाणी दहातले सात खरे, दुसऱ्या ठिकाणी सातांतला एक. ओपीडीत तपासलेली प्रश्नावली शिबिरासाठी ‘सिद्ध’ म्हणून देऊ नका.

छापायच्या फॉर्मवर आवृत्तीचा क्रमांक, तारीख आणि कट-ऑफ ठळक घाला. तळाशी एक ओळ घाला: ‘स्कोअर कमी आला, तरी झोपेत श्वास थांबताना घरच्यांनी पाहिलं असेल तर डॉक्टरांना सांगा.’ आणि फॉर्म घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की पेशंटसोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवायचं नाही, आत बोलवायचं.